टीपीएस सैल करण्याआधी स्टॉप स्क्रूवरचा रंग बघा

तुमचं लिहिलेलं वाचलं आणि माझ्याच मोटरसायकलचे दिवस आठवले. सावकाश एका वेगात चालवताना झटके, रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट, थांबलं की मधूनच बंद, आणि इंजिन लाइट मात्र पेटत नाही. सर्व्हिसवाले म्हणतात सेन्सर बदला, आणि तुम्ही विचारताय की त्याआधी टीपीएस (थ्रॉटल किती उघडलाय ते इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, व्होल्टमध्ये सांगणारा तोच सेन्सर) किती व्होल्टला सेट करून बघू. आत्ता कशालाच करू नका. त्याच्या स्क्रूंना हातही लावू नका.

मीटर लावणं तुम्हाला येतंय, तेव्हा थोडक्यात सांगतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद, कपलर (सेन्सरच्या वायरचा जोड) जोडलेलाच, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवायची. वायरचं कव्हर टोचू नका, तिथून पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं. पुरवठ्याच्या वायरवर ५ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. मग ग्रिप अगदी हळू फिरवत सिग्नलचा आकडा सलग चढतोय का ते बघा. काट्याचा मीटर मिळाला तर उत्तम, कारण क्षणभराची बुडी काट्यावर दिसते आणि डिजिटलवर निसटते. सेन्सर झिजतो तो बहुतेक सुरुवातीच्या थोड्याशा भागात, आपण दिवसभर तिथेच चालवतो ना. तिथे काटा खाली आपटला तर सेन्सर खरंच गेलाय, मग ॲडजस्टमेंटने काही होणार नाही.

माझा सेन्सर मात्र चांगला होता. तरी सात महिने गेले.

गाडी बंद पडते म्हणून मी ती एका सर्व्हिस सेंटरला दिली होती. परत आली तेव्हा आयडलिंग छान. काय केलंत विचारलं तर "ट्यूनिंग". जॉबकार्डवरही तेवढंच. पंधरा दिवसांत झटके सुरू झाले. मी घरी मीटर लावला. थ्रॉटल बंद असताना मॅन्युअलमध्ये ०.६० आणि माझ्याकडे ०.६६. मला वाटलं सेन्सर सरकलाय, म्हणून स्क्रू सैल करून बरोबर ०.६० वर आणला. माझी चूक इथे झाली.

सेन्सर जागेवरच होता. त्यांनी थ्रॉटल बॉडीचा स्टॉप स्क्रू (बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, कुठवर बंद व्हावी ते ठरवणारा) पिळून बटरफ्लाय किंचित उघडा ठेवला होता, आणि मी ईसीयूला पटवून दिलं की तो बंदच आहे. ०.०६ व्होल्ट म्हणजे साधारण एक-दीड अंश, पण आयडलिंगच्या आसपास तेवढा खूप होतो. माझ्या गाडीत पेट्रोलचा हिशोब मुख्यतः याच सेन्सरवरून होतो, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. बिघाडाचा कोड येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आकडा मर्यादेत आहे तोवर ईसीयूची तक्रार नसते. त्यामुळे दर फेरीला तेच ऐकायचं, "स्कॅनरमध्ये काही नाही". प्लग बदलले, इंजेक्टर साफ केला, पंपसुद्धा बदलला. आपण स्क्रू फिरवलाय हे एकानेही सांगितलं नाही. याचा राग मला अजून आहे. काम चुकू शकतं, पण केलेलं काम लिहून तर ठेवा!

शेवटी एकदा टाकी काढून टॉर्च मारला. स्टॉप स्क्रूवरचा पिवळा ठिपका मधोमध तडकलेला, अर्धा स्क्रूवर, अर्धा बॉडीच्या धातूवर, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. खाचेत पेचकसाचा ताजा चकचकीत ओरखडा. कारखान्यात हा स्क्रू हवेचा प्रवाह मोजून बसवतात आणि रंगाने सील करतात. तो आयडलिंग वाढवायचा स्क्रू नाही. मी रंगाचे दोन्ही तुकडे जुळेपर्यंत तो मागे घेतला. मीटरवर ०.५४ आले, मग सेन्सर परत ०.६० वर. झटके गेले, बंद पडणं मात्र चालूच राहिलं. त्याचं मूळ इंजिन आणि थ्रॉटल बॉडीमधल्या रबरात होतं. वरून धडधाकट दिसायचं, अंगठ्याने वाकवलं की आत चिरा उघडायच्या.

म्हणून माझ्या मते आधी ते रबर, मग केबलचा फ्री प्ले, म्हणजे सैलपणा (हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा), मग स्टॉप स्क्रूचा रंग, एकाहून जास्त सिलिंडर असतील तर सिंक (सगळ्यांचे थ्रॉटल सारखे उघडतात का). सेन्सर सगळ्यात शेवटी. सैल करायचाच झाला तर सेन्सर आणि बॉडीवरून पेनाने एक सरळ रेघ ओढून घ्या, म्हणजे परत आणता येतो. कार्ब क्लीनर त्याच्यात उडू देऊ नका.

मी मेकॅनिक नाही, आणि माझे आकडे तुमच्या गाडीला लावू नका, तुमच्या मॅन्युअलचेच घ्या. सेन्सरला लांबट भोकंच नसतील तर तो फिरवण्यासाठी बनवलेलाच नाही. भोकं कानशीने वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. केबलऐवजी मोटरने उघडणारा थ्रॉटल असेल तर यातलं काहीच घरी करू नका.

बंद थ्रॉटलचा आणि पूर्ण उघड्याचा आकडा, आणि त्या ठिपक्याची अवस्था, एवढं कळवा. रंग तडकलेला असेल तर स्क्रू आहे तिथेच राहू द्या आणि आधी जवळून फोटो काढून ठेवा.