पहिलं सोवळं घेताना

रंग आणि काठ नंतर बघा, आधी पोत बघा. पौरोहित्याला सुरुवात करताय म्हणजे होमाशेजारी बसणं आलंच. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. दुकानदार ‘प्युअर’ म्हणतोच. दशीतला (टोकाच्या सुट्या धाग्यांतला) एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टरची कडक गोळी होते.

मग पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. कमरेपासून घोट्यापर्यंत माप घ्या, वर खोचायला 3-4 इंच धरा. पन्हा कमी पडला तर मांडी घातल्यावर पोटऱ्या उघड्या पडतात. लांबी साधारण 4 मीटर हवी, पोट सुटलेलं असेल तर थोडी जास्तच. तोकड्या सोवळ्यात निऱ्या कमी येतात आणि मागचा काष्टा उठताबसता सुटतो. दुकानातच नेसून, मांडी घालून बघा.

लाल रंग बऱ्याचदा दगा देतो. ओला पांढरा रुमाल काठावर घासा. डाग पडला तर कलशाच्या पाण्याने तुमचं उपरणंही रंगणार. इलॅस्टिकचं शिवलेलं सोवळं घाईत बरं, पण नेसायची सवय लागत नाही.

धुवायला रिठ्याचं गार पाणी. पिळू नका, सावलीत वाळवा.