नागपुरात महापालिकेच्या शाळांसाठी वाढीव शिक्षण कर द्यावा का? दिलेला पैसा शाळेत पोचेल कसा?

द्यावा, असं माझं ठाम मत आहे. पण पाठिंबा देताना दरापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची: हा पैसा कोणत्या खर्चाला बांधलेला असेल, ते महापालिकेच्या ठरावात लिहून घ्या. नाहीतर तो महापालिकेच्या सामान्य तिजोरीत जातो आणि शाळेच्या वाट्याला किती आला हे शोधूनही सापडत नाही.

"शिक्षण कर तर आम्ही आधीच भरतो" असं काही जण म्हणतील. मालमत्ता कराच्या बिलावरचा राज्याचा शिक्षण कर 1962 च्या कायद्याखालचा आहे. करयोग्य मूल्यानुसार (कर लावण्यासाठी मालमत्तेचं ठरवलेलं वार्षिक मूल्य) तो निवासी मालमत्तेवर 2 ते 6 टक्के आणि अनिवासी मालमत्तेवर 4 ते 12 टक्के लागतो. महापालिका तो फक्त वसूल करते आणि राज्याकडे भरते, त्याचा दर बदलायचा अधिकार तिला नाही. महापालिकेचा स्वतःचा शिक्षण कर ही वेगळी ओळ. मुंबईच्या बिलात या दोन्ही ओळी स्वतंत्र दिसतात. तुमच्या बिलावर नुसतं "शिक्षण कर" लिहिलं असेल तर तुमच्या झोन कार्यालयात, मग ते धरमपेठ असो की आसीनगर, तो नेमका कोणता हे आधी विचारा. मागणी चुकीच्या ओळीबद्दल केली तर "हा विषय शासनाचा आहे" एवढ्या उत्तरावर अर्ज निकाली निघतो.

आता पैसा कमी कुठे पडतो ते बघा. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाचं एकत्रित अनुदान पटसंख्येवर मिळतं: 30 मुलांपर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000. म्हणजे 90 मुलांच्या शाळेकडे महिन्याला साधारण 2,100 रुपये. त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता. एवढ्यात अर्धवेळ सफाई कामगारही ठेवता येत नाही. पट घसरला की अनुदान घसरतं, पण इमारत तेवढीच राहते, छत तेवढंच गळतं. स्वच्छतागृह बंद पडलं की मुली आधी शाळा सोडतात, मग पट आणखी घसरतो. हे चक्र स्थानिक पैशानेच तुटू शकतं, कारण केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांचे निकष मुंबई-दिल्लीत ठरतात.

म्हणून माझ्या मते कराचा पैसा पाच कामांनाच बांधावा: सफाई कामगार, चौकीदार, पाणी आणि स्वच्छतागृह, वीजबिल, छताची दुरुस्ती. नवीन इमारती, टॅब, रंगरंगोटी यात अजिबात नको. फोटो छान येतात, पण दोन वर्षांनी देखभालीला पैसा नसतो.

भार किती पडेल? करयोग्य मूल्य 20,000 रुपये असलेल्या घरावर 1 टक्का म्हणजे वर्षाला 200 रुपये, महिन्याला 17 रुपयेही नाहीत. अशी एक लाख घरं धरली तर कराची मागणी, म्हणजे बिलांची एकूण रक्कम, 2 कोटींची होते. वसुली 60 टक्के झाली तर हातात 1 कोटी 20 लाख. हिशेब नेहमी वसुलीवर मांडा, मागणीवर नाही. झोपडपट्टीतल्या आणि लहान घरांना सूट मागणं न्याय्य आहे, कारण त्यांचीच मुलं या शाळांत शिकतात. ती सूट ठरावातच असावी, नंतर कुणी आठवणीने देत नाही.

वेळ चुकवू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढच्या वर्षाचे करदर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. फेब्रुवारीत निवेदन देणं म्हणजे उशीर झालेला असतो. आयुक्तांचा अर्थसंकल्पाचा अंदाज तयार होतो तेव्हा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांकडे ते पोचायला हवं. सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा शाळा विकास आराखडा जोडा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे तिच्या मागणीला बाहेरच्या सह्यांपेक्षा वजन असतं. यू-डायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर शाळेची माहिती मिळते. तिथे "स्वच्छतागृह आहे" असं दिसलं तरी ते सुरू आहे का, हे जाऊन पाहूनच लिहा.

त्याआधी माहिती अधिकारात दोन स्वतंत्र अर्ज टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा असते, शुल्क 10 रुपये. शिक्षण विभागाकडे शाळा दुरुस्तीच्या लेखाशीर्षाची (अर्थसंकल्पातलं त्या खर्चाचं स्वतंत्र खातं) गेल्या तीन वर्षांची मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च मागा, तिन्ही वेगळे. कर विभागाकडे शिक्षण कराची मागणी आणि वसुली मागा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

तरतूद आणि खर्चातली तफावत तुम्हाला बहुतेक दिसेलच. ती दोन ठिकाणी तयार होते. एक म्हणजे पुनर्विनियोजन: वर्षाच्या मध्यात "खर्च झाला नाही" म्हणून शाळेचा पैसा रस्त्यांकडे वळवतात. ठरावात "या लेखाशीर्षातून पुनर्विनियोजन होणार नाही, अखर्चित रक्कम पुढच्या वर्षी याच शीर्षात राहील" हे वाक्य हवंच. दुसरं म्हणजे निविदेचा उशीर. नागपुरात उन्हामुळे शाळा जूनच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास उघडतात, म्हणजे छताच्या कामाला मे आणि अर्धा जून एवढाच वेळ. कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, एप्रिलअखेर निघाला नाही तर काम पावसात सापडतं आणि दिवाळीनंतर ढकललं जातं. निविदेची कागदपत्रं जानेवारीतच तयार ठेवा, ही मागणी निवेदनात पहिल्या पानावर घ्या.

कर मंजूर झाला तर दर तिमाहीला शाळेच्या फलकावर एक पान लागावं, असा आग्रह धरा: या झोनमधून किती वसूल झालं, या शाळेला किती मिळालं, कशावर खर्च झालं. ते पान समितीच्या अध्यक्षांच्या सहीचं असावं, म्हणजे पालकांना विचारायला माणूस मिळतो.