शिकवताना कळतं, सोडवताना अडतं

“क्लासमध्ये सर सोडवतात तेव्हा सगळं कळतं. घरी वही उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही.” अकरावीच्या पहिल्या चाचणीचे गुण कळले की समुपदेशनाला येणाऱ्या मुलांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. भांडुपहून आलेल्या एका मुलीचंही तेच होतं. दहावीला ९२ टक्के, दादरला क्लास आणि फिजिक्सच्या चाचणीत २५ पैकी ६. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) सोबत आई होती. “मॅडम, हिला सायन्स झेपणार नसेल तर आत्ताच कॉमर्सला घालते. उगाच दोन वर्षं वाया नकोत.”

असा निर्णय गुणांवरून घेऊ नये. आधी वही बघावी.

गतीच्या नियमांवरची तिची चाळीसेक उदाहरणं नीट उतरवलेली होती, उत्तरंही बरोबर. पण प्रत्येकाची सुरुवात एकाच पद्धतीची: ‘दिलेले’ लिहायचं, खाली आकडे मांडायचे आणि लगेच सूत्र. एकाही उदाहरणाला आकृती नव्हती. गतीच्या तीन समीकरणांपुरतं हे चालून जातं. तिथे पाच राशी असतात, तीन दिलेल्या असल्या की चौथी काढायची, म्हणजे योग्य सूत्र निवडलं की काम झालं. बलाच्या उदाहरणात दोरीतला ताण किंवा जमिनीचं अभिलंब बल (जमीन वस्तूला काटकोनात रेटते ते) कुणी देत नाही. ते आहे हे आधी आपल्याला ओळखावं लागतं. तिथे सूत्र शोधणारा विद्यार्थी पहिल्याच पायरीला अडकतो आणि समजतो की आपल्यात काहीतरी कमी आहे.

तिला कागदावर एक चेंडू काढून दिला. वर फेकलेला, अजून वर जाणारा, हवेचा विरोध धरायचा नाही. त्यावरची बलं दाखव म्हटल्यावर तिने दोन बाण काढले. खाली गुरुत्वाकर्षण, वर ‘हाताचा जोर’.

“हात तर खालीच राहिला. मग हा जोर आता कोण लावतंय?”

बराच वेळ ती बाणाकडे बघत होती. मग म्हणाली, “पण वर जातोय म्हणजे वर बल असणारच ना?”

गाठ इथे होती. गती आहे म्हणजे त्या दिशेला बल आहेच, असं जवळजवळ प्रत्येकाला आतून वाटतं, कारण रोजच्या जगात ढकलणं थांबलं की घर्षणामुळे वस्तू थांबते. अ‍ॅरिस्टॉटलचीही समजूत साधारण अशीच होती आणि ती मोडायला गॅलिलिओ आणि न्यूटन यावे लागले. न्यूटनचे नियम १६८७ साली छापले गेले. हेस्टेनेस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९२ साली ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ नावाची चाचणी प्रसिद्ध केली, ती नेमक्या याच समजुती पकडण्यासाठी. तिच्यातले चुकीचे पर्याय मुद्दाम ‘असंच असणार’ वाटतील असे बेतलेले आहेत. तेव्हा ही चूक मठ्ठपणाची खूण नाही. पण ती तशीच राहिली तर पुढचं प्रत्येक उदाहरण नासतं.

तिला नियम दिला तो एवढाच: प्रत्येक बाणाला मालक हवा. हे बल कोण लावतंय, त्या वस्तूचं नाव सांगता आलं नाही तर बाण खोडायचा. मालक शोधायचे कसे? एक वस्तू निवडायची, तिच्याभोवती बंद रेघ मारायची आणि त्या रेघेला कोण कोण टेकलंय ते मोजायचं: जमीन, दोरी, हात, स्प्रिंग. न टेकता ओढणारी फक्त पृथ्वी. या धड्यापुरतं तेवढंच. लोकलला ब्रेक लागल्यावर आपण पुढे झुकतो, तेव्हा पुढे ढकलणारा मालक शोधून बघा. कुणीच सापडणार नाही. पाय डब्याच्या फरशीबरोबर मंदावतात, वरचं धड आधीच्याच वेगाने जात राहतं.

मग एक उदाहरण शेवटपर्यंत केलं. टेबलावर ३ किलोचा ठोकळा, घर्षणाचा गुणांक ०.२. त्याला बांधलेली हलकी दोरी कडेच्या कप्पीवरून खाली जाते, टोकाला २ किलोचं वजन लटकतंय. जी, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, १० धरायचा. तिने लगेच ताण २० न्यूटन लिहिला, कारण लटकतंय तेवढंच वजन दोरी पेलणार. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थांबायलाच हवं. ताण २० असता तर लटकत्या वजनावर वर २०, खाली २०. मग स्थिर सोडलेलं ते खाली येईलच कशाला? ते वेग घेत खाली येतंय, म्हणजे ताण २० पेक्षा कमीच असला पाहिजे. आकडा नंतर काढायचा, हे आधी कळायला हवं.

मग दोन वेगळ्या आकृत्या. ठोकळ्याला टेबल वर रेटतं ३० न्यूटन, म्हणून घर्षण त्याच्या ०.२ पट, म्हणजे ६. ताण वजा ६ बरोबर ३ गुणिले त्वरण. लटकत्या वजनासाठी २० वजा ताण बरोबर २ गुणिले त्वरण. बेरीज केली की ताण उडतो: १४ बरोबर ५ गुणिले त्वरण, म्हणजे त्वरण २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताण येतो १४.४ न्यूटन, आणि तो दुसऱ्या समीकरणात घालून पडताळायचा. २० पेक्षा कमी आलाय, आधी म्हटलं तसंच. या एका उदाहरणाला चाळीस मिनिटं लागली. तिच्या मते हा वेळ फुकट गेला, कारण क्लासमध्ये तेवढ्यात आठ होतात.

अभिलंब बल नेहमी वजनाएवढंच असतं, ही तिची दुसरी पक्की समजूत. त्यावर लिफ्टचं उदाहरण: ५० किलोची मुलगी, लिफ्ट वरच्या दिशेला २ ने त्वरण घेतेय. फरशी तिला ६०० न्यूटनने रेटते, ५०० ने नाही. उतारावर साइन की कॉस असा घोळ झाला तर पाठांतर नको, कोन शून्य करून बघावं. सपाट जमिनीवर वजनाचा घसरवणारा भाग शून्य व्हायला हवा आणि शून्य कोनाचा साइन शून्य असतो, म्हणून तिथे साइन.

घरच्या अभ्यासात एकच बदल सांगितला: रोज वीसऐवजी तीन उदाहरणं, सोडवलेलं उत्तर झाकून. अडलं तर एकच ओळ उघडायची आणि पुन्हा झाकायची. पूर्ण बघावं लागलं तर ते उदाहरण दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर. वाचून ‘कळलं’ वाटणं आणि स्वतः काढता येणं यांतला फरक त्या कोऱ्या कागदावरच दिसतो.

पाच आठवड्यांनी पुढच्या चाचणीत १३ आले. एकावर एक ठेवलेल्या ठोकळ्यांत घर्षणाची दिशा अजून चुकते. कॉमर्सचा विषय आईने स्वतःहून बाजूला ठेवला.

आईचं शिक्षण दहावीपर्यंतचं. “मला यातलं काय कळणार?” असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांना तपासायचं काम दिलं: वहीतल्या कुठल्याही बाणावर बोट ठेवायचं आणि मालक विचारायचा. शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलं, आदल्या रात्री एका ठोकळ्याच्या आकृतीत पृथ्वी, टेबल आणि दोरी सापडली, पण चौथ्या बाणावर नुसतं ‘एमए’ लिहिलं होतं. “हा कोणाचा गं?” वस्तुमान गुणिले त्वरण हे बल नव्हेच, ती सगळ्या बलांची बेरीज असते. मुलीने काही न बोलता रबर उचलला.