मासे मेले, पाणी पुढं गेलं, आता तक्रार कशाची करायची?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही शिरोळ तालुक्यातले, पंचगंगेकाठी शेती आहे. बंधाऱ्यात पाणी काळं झालं, वास सुटला आणि मासे तरंगायला लागले, पोरांनी व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकले, मोर्चा पण झाला. पण तपासणीला कोणी येईपर्यंत बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघाले होते आणि पाणी खाली गेलं. आता सगळे विचारतात पुरावा काय? पुढच्या वेळी काय करू?

उत्तर: दादा, पुढची वेळ येणार हे तुम्ही धरूनच चाललाय, आणि दुर्दैवानं बरोबर आहे ते. वर कोल्हापूरचे जयंती नाला, दुधाळी नाला, मग इचलकरंजीचे प्रोसेस, म्हणजे कापड रंगवायचे कारखाने, त्यात साखर कारखान्यांचा सीझन, त्यामुळे जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो आणि 2012 च्या इचलकरंजीतल्या काविळीनंतरही हे काही थांबलं नाही. म्हणून बंधाऱ्यातलं पाणी खराब आहे एवढं दाखवून भागत नाही, ते आलं कुठनं हे दाखवायला लागतं. नाला किंवा पाइप जिथं नदीला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक, अशी दोन ठिकाणची सॅम्पल पाहिजेत.

सॅम्पल तुम्ही बिसलेरीच्या बाटलीत भरून नेलं तर समोरचा वकील ते दोन मिनिटांत उडवतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचा असतो नाहीतर काठावरच केमिकल घालून पक्का करायचा असतो, बाटली गावभर फिरून आली की आकडा बदलला. त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं येऊन रीतसर सॅम्पल घेणं आणि पंचनाम्यावर गावकऱ्यांच्या सह्या असणं, यासाठी भांडा. फोन कराच, पण लगेच ईमेल पण टाका, कारण फोनची पोच मिळत नाही. आणि त्याच वेळी पाटबंधारे खात्याला लेखी द्या की सॅम्पल होईपर्यंत बरगे काढू नका. मोर्चा दुसऱ्या दिवशी काढला तरी चालतो हो!

तोपर्यंत तुम्ही काय करायचं, तर पहाटे जा. रात्रभरात ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, तो व्हिडिओ तारीख-लोकेशनसकट घ्या. कुठले मासे मेले ते पण लिहून ठेवा. मरळ हवेतला श्वास घेते, चिलापी पण कमी ऑक्सिजनमध्ये तग धरते, तर या दोन्ही मेल्या असतील तर प्रकरण किती गंभीर आहे ते कळतं. डिस्टिलरीच्या, म्हणजे मळीपासून दारू-स्पिरिट काढणाऱ्या कारखान्याच्या, सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 40-50 हजार मिलिग्रॅमपर्यंत असतो आणि आंघोळीच्या पाण्याला मर्यादा आहे 3 ची, त्यामुळे थोडं सुटलं तरी जंतू ते खाता खाता सगळा ऑक्सिजन संपवून टाकतात.

मधल्या शांत महिन्यात माहिती अधिकारात, 10 रुपयात, वरच्या कारखान्यांना प्रदूषण मंडळानं दिलेली संमतीपत्रं आणि तपासणी अहवाल मागवून ठेवा. 30 दिवस लागतात, मासे मेल्यावर अर्ज करून उपयोग नाही. आणि एक कडू बोलते, तुमच्या गावची गटार कुठं सुटते ते आधी बघा, समोरचा पहिला फोटो त्याचाच दाखवणार.

प्रश्न: आम्ही पलूस तालुक्यातले. कृष्णेत मगरी आहेत, नदी वाचवा म्हणलं की गावातले म्हणतात आधी मगरी हलवा. यांना एकत्र कसं आणायचं?

उत्तर: भीती खोटी नाही, काठावर धुणं धुणाऱ्या बाईला मगरीचं महत्त्व सांगत बसू नका. तिला सुरक्षित घाट आणि नळाचं पाणी पाहिजे, ती मागणी तुमच्या निवेदनात पहिली घाला, मग बघा किती जण येतात. मगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, त्यामुळे परस्पर पकडणं-मारणं हा गुन्हाच, गावाजवळ दिसली तर वनखात्याला 1926 वर फोन करायचा. तिचं मुख्य खाणं मासे, म्हणजे मळीचं पाणी सुटून मासे मेले की तिच्या पोटावर पण पाय येतो. अजून एक, उन्हाळ्यात ती काठाच्या मातीत अंडी घालते आणि नेमकी तेव्हाच वाळू-मातीसाठी काठावर जेसीबी फिरत असतात. काठावरच्या घळीजवळ मगर सतत बसलेली दिसली तर तिथं जाऊ नका, वनखात्याला कळवा.

प्रश्न: हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टात, जायला वकील लागतोच का? खर्च किती?

उत्तर: लागतोच असं नाही, अर्जदार स्वतः उभा राहू शकतो. आपल्याला पुण्याचं खंडपीठ. नुकसानभरपाई मागत नसाल तर अर्जाची फी 1000 रुपये. पण घटना घडल्यापासून 6 महिन्यांत अर्ज पाहिजे, फार तर 60 दिवस वाढवून मिळतात तेही कारण पटलं तर. भरपाईच्या दाव्याला 5 वर्षं असतात. शिरोळच्या दादांनी हे पण वाचा, तुमचे 6 महिने अजून संपलेले नाहीत.