इकॉनॉमिक्ससोबत अर्बन स्टडीजचं मायनर घेऊ का?

तू विचारलंयस की मेजर इकॉनॉमिक्स आहे, मायनरला अर्बन स्टडीज घेतलं तर टाउन प्लॅनर होता येईल का. नुसत्या मायनरवर नाही होता येत, त्याला बी.प्लॅन किंवा एम.प्लॅन, म्हणजे प्लॅनिंगची डिग्री लागते, आधीच सांगते म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. तरीपण घेच म्हणेन.

मी मुंबईत हेच कॉम्बिनेशन केलं. पहिल्याच सेमला कळलं की शहर कशाला म्हणायचं हेच आपल्याला धड माहीत नसतं. जनगणनेत नगरपालिका वगैरे असेल तर शहर धरतातच, पण नसली तरी किमान 5,000 वस्ती, चौरस किलोमीटरला 400 माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर, एवढं जुळलं की कागदावर शहर, मग कारभार ग्रामपंचायतीचा का असेना. फक्त पुरुष बरं का! बायका शेतात राबोत नाहीतर दुकान चालवोत, या 75 टक्क्यांत त्या नाहीतच. अशी सेन्सस टाउन्स 2001 ला 1,362 होती, 2011 ला 3,894 झाली. इकॉच्या लेक्चरला शहरीकरणाचा टक्का नुसता पाठ करायचो, तो शिजतो कसा ते इथे समजलं.

पण खरी मजा फील्डवर्कची. आम्हाला दादर वेस्टला स्टेशनबाहेर जागा वाटून दिल्या, पहाटे पाचपासून रात्रीपर्यंत पाळीपाळीने उभं राहायचं आणि वहीत लिहायचं कोण बसलं, कोण उठलं. माझ्या चार फुटांत पहाटे झेंडूची टोपली, दहाला मावशी उठल्या की मोबाइल कव्हरवाला, संध्याकाळी तिथेच मक्याची कणसं. मी मावशींना विचारलं या वेळा ठरवतं कोण, तर म्हणाल्या, "ठरवायचंय काय त्यात, या कव्हरवाल्याचा बाप माझ्या आईनंतर इथेच बसायचा." इकॉतला प्रॉपर्टी राइट्सचा, म्हणजे कशावर हक्क कोणाचा याचा चॅप्टर मला त्या दिवशी कळला, पाय मात्र दोन दिवस दुखत होते.

आणि घरी कोणी हे नवीन फॅड म्हणालं तर सांग, मुंबई विद्यापीठात 1919 ला स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 'सोशियॉलॉजी अँड सिव्हिक्स'चे प्रोफेसर होते, म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली.

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सुट्टीत शिकून ठेव. आणि फॉर्म भरण्याआधी सिलॅबसमध्ये फील्डवर्कला क्रेडिट किती ते बघ, शून्य असतील तर सरळ स्टॅट्स घे.