त्याच बैठकीत बोल

बेटा, अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस तेव्हा घरात पाहुणे होते, तुझा आवाजही भरून आला होता, त्यामुळे मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

पप्पांच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्याच्या बाकावर बसलेला तुझा मित्र, आणि रविवारी मखमलाबादच्या मळ्यात मिसळ खाता खाता ‘आदिवासींना सगळं फुकट मिळतं, वर सरकारी जंगल हडपतात आणि मग मोर्चे काढतात’ म्हणणारा तुझा मित्र, यातला खरा कोण, असं तू विचारलंस. दोन्ही खरे. यावर याहून जास्त विचार करू नकोस. माणूस मनाने मोठा असून एखाद्या बाबतीत ठार अडाणी असू शकतो, शिकलेला असून तर फार सहज असू शकतो. त्याच्या चांगुलपणाची फेरतपासणी कशाला करायची? तू तिथे बोलायला हवं होतंस, एवढाच खरा मुद्दा आहे. तू बोलली नाहीस. घरी आलीस आणि रात्री दीडपर्यंत ग्रुपवर टाकायला लांबलचक मेसेज लिहीत बसलीस. तो पाठवला नाहीस हे बरं केलंस.

मला एकच सांगायचं आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जे बोलायचं ते त्याच बैठकीत बोल. समोर चहा आहे, माणूस समोर आहे, वाक्य आत्ताच त्याच्या तोंडून बाहेर पडलं आहे, तेव्हा. नंतर विचार करून, आकडे जमवून, शब्द घासूनपुसून बोललीस तर त्याला ते भाषण वाटतं. त्याने सहज म्हटलेलं वाक्य तू चार दिवस मनात धरून ठेवलंस एवढंच त्याला दिसतं. मग तो वाक्याचा बचाव करत नाही, स्वतःचा करतो. त्या क्षणी मात्र ते वाक्य त्याच्याही अंगाला चिकटलेलं नसतं. कुठेतरी ऐकलेलं असतं, तोंडात आलं म्हणून बोलला. तेवढ्याच वेळात ते सुटू शकतं.

आणि तू विसरतेस की टेबलाशी तुम्ही दोघंच नव्हतात. उरलेले दोघं गप्प खात होते. तुझं उत्तर बोलणाऱ्यापेक्षा त्या दोघांसाठी जास्त होतं. कुणीच काही म्हटलं नाही तर ऐकणारा धरून चालतो की सगळ्यांना हे मान्य आहे. अशीच ही मतं पसरतात. कुणी कुणाला पटवून देत नाही, कुणी हटकत नाही एवढंच.

मोजणी खात्यात असताना आमच्या कचेरीत दुपारी डबे एकत्र उघडायचे. एक दिवस एकजण अगदी याच सुरात बोलला. मी तिथल्या तिथे म्हटलं, ‘असं नाही ते, मी त्या भागात मोजणी केली आहे, ऐक.’ दोन मिनिटं बोललो असेन. टेबलाच्या टोकाला नवा लागलेला एक मुलगा खाली मान घालून जेवत होता. तो पेठ तालुक्यातला, कोकणा या आदिवासी समाजाचा, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने माझे आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. पण तो आमच्याबरोबर जेवायला येत राहिला. मी दुसऱ्या दिवशी बोललो असतो तर तो तिथे नसता. म्हणून म्हणतो, त्याच बैठकीत.

आता काय बोलायचं ते. एकच गोष्ट बोलायची, आणि ती तुला स्वतःला पक्की माहीत असलेली. शोषण, व्यवस्था, विशेषाधिकार हे शब्द मला मान्य आहेत, पण ते मिसळीच्या टेबलावर काढलेस की समोरचा सुटतो. तो म्हणतो, ‘झालं हिचं सुरू’, आणि सगळे हसतात. त्यापेक्षा त्याला विचार की दिंडोरीकडच्या त्यांच्या द्राक्षाच्या मळ्यात ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला कोण येतं. घडांची विरळणी कोण करतं, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला कोण असतं, एप्रिलच्या खरड छाटणीला पुन्हा कोण. तो म्हणेल, ‘मुकादम आणतो टोळी.’ कुठून? सुरगाण्याहून, पेठहून, नाहीतर त्र्यंबककडून, म्हणजे डोंगरातल्या आदिवासी भागातून. भात-नागलीच्या कामातून सवड मिळाली की ती माणसं लेकराबाळांसकट खाली उतरतात, मळ्याच्या कडेला पाल ठोकून राहतात आणि एकरावर उक्तं काम घेतात. नाशिकचं द्राक्ष परदेशात जातं याचा आपल्याला अभिमान आहे ना? त्या प्रत्येक घडाला त्यांचा हात लागलेला असतो. तुझा मित्र लहानपणापासून त्यांना बघत आला आहे. बघूनही ‘सगळं फुकट’ म्हणतो, कारण ही माणसं आणि आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ती माणसं एकच, हे त्याच्या डोक्यात कधी जुळलंच नाही. ते जुळवून द्यायला एक प्रश्न पुरतो. तो प्रश्न त्याच बैठकीत विचारायचा.

जंगल हडपण्याचं म्हणशील तर त्यावर मी तासभर बोलू शकतो, कारण माझ्या नोकरीची शेवटची वर्षं त्यात गेली. वनहक्क कायदा २००६चा, नियम आले २००८च्या सुरुवातीला, आणि मग दावे येऊ लागले. लोक तिकडे त्या जमिनीला ‘प्लॉट’ म्हणतात. डोंगरउताराची वरकस जमीन, तिच्यात नागली, वरई, खुरासणी. कसणारा आजोबांपासून कसतोय, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव कुठेच नाही. कायदा काय म्हणतो? १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ती जमीन स्वतः कसत असला पाहिजे. मिळाली तर जास्तीत जास्त ४ हेक्टर, म्हणजे दहा एकरांच्या आत. ती विकता येत नाही, फक्त वारसांकडे जाते. नवरा-बायको दोघांच्या नावे होते, ही गोष्ट आपल्या शहरातल्या किती फ्लॅटांना लागू आहे ते बघ. दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. यात हडपायला जागा कुठे आहे? मी मोजलेले बहुतेक तुकडे तर एकर-दोन एकरांच्या आसपासचे.

आणि पुरावा काय द्यायचे, ऐक. दंडाच्या पावत्या. वर्षानुवर्षं अतिक्रमण केलं म्हणून त्यांना दंड झाला होता. तो भरल्याच्या पावत्या म्हाताऱ्यांनी घरात जपून ठेवल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत, कौलांखाली खोचून. नव्या कायद्यात त्याच पावत्या कसत असल्याचा पुरावा ठरल्या. ज्याच्याकडे पावती नाही त्याच्यासाठी गावातल्या जाणत्यांचे जबाब. पावती नेमकी जपून ठेवणारी ती म्हातारी माणसं बहुतेक सही करू शकत नव्हती. त्यांना अडाणी म्हणणारी माणसं मला सहन होत नाहीत, मग ती कितीही जवळची असोत.

हे सगळं एका दमात सांगू नकोस. यातली एकच गोष्ट सांग. पावत्यांची सांग, ती लोकांच्या लक्षात राहते.

तो पुढे म्हणेल की अशी माणसं आहेतच किती, सगळं राजकारण आहे. २०११च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यात दर चार माणसांमागे एक आदिवासी होता. एका जिल्ह्यात राहून चौथ्या माणसाबद्दल काही माहीत नसणं हे आपल्या शहराचं जुनं दुखणं आहे. पंचवटीतल्या काळाराम मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३०ला इथे सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर स्वतः आले होते, पुढे दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. वर्षांमागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्या पाच वर्षांत पंचवटीत सज्जन माणसं नव्हती असं मला मुळीच वाटत नाही. पुष्कळ असतील. घरात बसून हळहळत असतील. ओट्यावर शेजारी काहीबाही बोलत असताना पान लावत बसली असतील. त्या हळहळीचा कुणाला काय उपयोग झाला?

तू म्हणालीस, ‘काका, बोललं की वातावरण बिघडतं.’ बिघडू दे. तुमच्या पिढीला हे वातावरण फार जपायचं असतं. पंधरा वर्षांची मैत्री एका वाक्याने मोडणार असेल तर ती कशावर उभी होती हेही कळू दे. पण ती मोडत नाही. तुला वाटतं तेवढी माणसं नाजूक नसतात. मोडते ती न बोलल्याने. तू आता त्याचे फोन उचलत नाहीस, ग्रुप म्यूट केला आहेस, पुढच्या रविवारी काम आहे असं सांगून ठेवलं आहेस. त्याला कारणही माहीत नाही. हे जास्त वाईट आहे, आणि हे तू करते आहेस.

माझंच सांगतो. माझा एक बालमित्र होता, भद्रकालीत आमची घरं समोरासमोर. कांद्याच्या व्यापारात शिरला, चांगला स्थिरावला. २०१८ साली ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकातून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला निघाला, तेव्हा आम्ही दोघं तिथेच बाजूला उभे होतो. हजारो माणसं, निम्म्याहून जास्त चेहरे मला सुरगाण्या-पेठचे ओळखीचे वाटत होते, डोक्यावर शिध्याचं गाठोडं. तो म्हणाला, ‘पैसे देऊन आणलेत.’ मी तिथेच, गर्दीत, त्याला म्हटलं, ‘यांतल्या कितीतरी जणांचे दावे मी मोजलेत. जमिनीचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाला नाही म्हणून चाललेत. तुझं हे वाक्य मागे घे.’ त्याने घेतलं नाही. माझाही आवाज चढला, लोक बघायला लागले. ती माणसं साधारण १८० किलोमीटर चालली. शेवटचा टप्पा तर दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून रात्रीतून चालून गेली आणि १२ तारखेला पहाटे आझाद मैदानात पोचली. रक्ताळलेल्या तळव्यांचे फोटो सगळ्या देशाने बघितले. मित्राने त्यावर अवाक्षर काढलं नाही, आणि सकाळच्या फिरण्यालाही तो येईनासा झाला.

घरच्यांनी मला बोल लावला. अजून लावतात. तेवढं एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं, म्हणतात. मी गिळणार नव्हतो. मैत्री मी तोडली नाही. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मी दरवर्षी त्याच्या घरी गेलो, वहिनींनी चहा दिला, तो शेजारी बसायचा, कांद्याच्या भावाबिवाचं बोलायचा. एकदा, खूप दिवसांनी, त्याचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. ‘ती जमीन विकता येत नाही म्हणतात ते खरं का?’ मी म्हटलं खरं. ‘बरं,’ म्हणाला आणि ठेवला. म्हणजे विषय त्याच्या डोक्यात चालू होता. मग तो गेला. वाद अर्धा राहिला याची खंत मला आहे, रोज आहे. आणखी दोन-तीन वर्षं मिळती तर तो ते वाक्य मागे घेता, मला खात्री आहे. पण सीबीएसला बोललो त्याचं मला एका क्षणासाठीही वाईट वाटलेलं नाही. मी गप्प राहिलो असतो तर तो फोन आला नसता. घरचे हे ऐकून घेत नाहीत. तू ऐक.

एक गोष्ट मात्र करू नकोस. मित्रांना गाडीत घालून सुरगाण्याला ‘दाखवायला’ नेऊ नकोस. हल्ली हे फार चालतं. माणसं दाखवायची वस्तू नसतात, आणि एका दिवसाच्या फेरीतून परतलेला माणूस जास्त आत्मविश्वासाने चुकीचं बोलतो. त्याच्या स्वतःच्या मळ्यातल्या टोळीशी तो नाव विचारून बोलला तरी मला पुष्कळ आहे.

आणि माहीत करून घेतल्यावरही, समोर आदिवासी व्यक्ती बसलेली असताना, तिला लागावं म्हणूनच जो बोलतो, त्याच्याबद्दल मी हे काहीच लिहीत नाहीये. त्याच्या टेबलावरून उठायचं, आणि का उठतेय ते सांगून उठायचं. तुझा मित्र तसा नाही, तूच म्हणालीस.

तर त्याचा फोन उचल. रविवारी काम आहे ते रद्द कर आणि जा. तू स्वतः विषय काढू नकोस, काढलास तर पुन्हा भाषण होईल. तो काढेलच, ही माणसं काढतातच. काढला की लगेच, तोंडातला घास संपवून, मळ्याच्या टोळीबद्दल विचार. आवाज थरथरला तर थरथरू दे, माझाही थरथरायचा. तो चिडला तरी उठून जाऊ नकोस, बिल नेहमीसारखं वाटून घे आणि पुढच्या रविवारचं ठरवूनच नीघ.

कायद्याची मराठी प्रत माझ्याकडे आहे, समासात माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत. हवी असेल तर येऊन घेऊन जा. टेबलावर मात्र ती नेऊ नकोस. काय झालं ते मला सविस्तर लिहून कळव, फोनवर हल्ली मला नीट ऐकू येत नाही.

तुझा,
काका