वाचकांचे प्रश्न : अनुदानित शाळेत फी का लागते?

प्रश्न : शाळेच्या पाटीवर ‘अनुदानित’ लिहिलं आहे. तरी मुलीच्या सहावीसाठी वर्षाची भरघोस फी मागतात. शेजारची मुलगी त्याच शाळेत, त्याच वर्गात आहे, तिला फी नाही. हे कसं? आणि विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित हे वेगवेगळे प्रकार आहेत का? (पालक, बार्शी)

उत्तर : फरक बहुधा तुकडीचा आहे. अनुदान मिळतं ते मंजूर तुकडीला आणि त्या तुकडीवरच्या शिक्षकांच्या पगाराला. त्यामुळे ‘अ’ आणि ‘ब’ अनुदानित, ‘क’ विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित, असं एकाच इमारतीत आणि एकाच गणवेशात चालू शकतं. प्रवेशाच्या फॉर्मवर फक्त इयत्ता असते, तुकडी नंतर पडते, आणि पालकांना खरा प्रकार पहिल्या पावतीवर कळतो. म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा, ‘मुलीला कोणती तुकडी, आणि तिला अनुदान आहे का?’ उत्तर तोंडी न घेता मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. पावतीही नीट वाचा. तिच्यावर शाळेचं नाव आहे की नुसतं संस्थेचं, रक्कम ‘शिक्षण शुल्क’ म्हणून घेतली की ‘देणगी’ म्हणून, हे पाहा. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. तिथे ते लावलं असेल, तर पावतीची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि पोच घ्यायला विसरू नका. देणगीच्या पावतीवर मात्र शुल्काची तक्रार टिकवणं फार अवघड जातं.

आता शब्द. ‘विनाअनुदानित’ म्हणजे सध्या अनुदान नाही, पण पुढे मिळू शकतं. ते टप्प्याटप्प्याने येतं : २०, ४०, ६० टक्के असं. त्या काळात शाळा ‘अंशतः अनुदानित’ म्हणवते. शिक्षकांच्या बोलण्यातलं ‘टप्पा वाढला’ ते हेच. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांना मुळात अनुदान कधीच मागणार नाही या अटीवर परवानगी मिळाली होती. २००९ साली शासनाने त्यातला ‘कायम’ शब्द वगळला आणि या शाळाही मूल्यांकन होऊन टप्प्याच्या रांगेत आल्या. त्या एका शब्दामागे कित्येक शिक्षकांची बिनपगारी किंवा तुटपुंज्या मानधनावरची वर्षं आहेत. पालकांनी हे माहीत करून घ्यावं, कारण अशा शाळेतला गणिताचा शिक्षक वर्षाच्या मध्यावर सोडून जातो तेव्हा कारण बहुतेकदा पगारच असतं.

‘स्वयंअर्थसहाय्यित’ शाळा २०१२ च्या स्वतंत्र कायद्याखाली येतात. सगळा खर्च संस्थेचा, म्हणजे अखेर पालकांच्या फीचा. तरी ती मनाला येईल तशी वाढवता येत नाही. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार नव्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो, आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलत नाही. जूनमध्ये अचानक वाढ कळली, तर आधी समितीच्या ठरावाची प्रत मागा.

प्रश्न : ‘सैनिक स्कूल’ आणि ‘सैनिकी शाळा’ एकच का? (पालक, सिन्नर)

उत्तर : नाही. एका ‘ई’काराने सगळं बदलतं. सैनिक स्कूल संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या सैनिक स्कूल सोसायटीचं. साताऱ्याचं २३ जून १९६१ रोजी सुरू झालं, देशातलं पहिलं. चंद्रपूरचं २०१९ चं. प्रवेश सहावी आणि नववीला, अखिल भारतीय परीक्षेतून. सहावीसाठी वय ३१ मार्चला १० ते १२ वर्षं लागतं, पेपर ३०० गुणांचा, त्यातले १५० एकट्या गणिताचे. गणित कच्चं ठेवून बाकी विषय घोटणारी मुलं इथेच मागे पडतात. सैनिकी शाळा राज्य शासनाच्या धोरणातून, जिल्ह्याला एक या हिशेबाने निघाल्या. त्या खासगी संस्था चालवतात, अभ्यासक्रम राज्य मंडळाचा असतो. अलीकडे काही खासगी शाळांनाही सोसायटीची मान्यता मिळू लागली आहे, म्हणून नाव सोसायटीच्या यादीत आहे का ते तपासा. थेट लष्करी अधिकारी मात्र कुठूनच होता येत नाही. यूपीएससीची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) प्रवेश परीक्षा सगळ्यांना सारखीच.

प्रश्न : मुलगा खेड्यातल्या जि.प. शाळेत चौथीत आहे. पाचवीला तालुक्याला घालून नवोदयची तयारी करून घ्यावी म्हणतो. (पालक, मुखेड तालुका)

उत्तर : घाई करू नका. जवाहर नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागतात. यातला एक दिवस जरी शहरी शाळेच्या पटावर गेला, तरी मुलगा शहरी उमेदवार ठरतो. नगरपालिका आणि नगरपंचायतीचं गाव शहरीत मोडतं, आणि तालुक्याची बरीच ठिकाणं आता नगरपंचायती आहेत. क्लास शहरात लावा, नाव गावातल्या पटावरच राहू द्या. जिल्हाही बदलू नका, कारण पाचवी ज्या जिल्ह्यात त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसता येतं. दुसऱ्यांदा परीक्षा देता येत नाही.

प्रश्न : बदलीमुळे गावी आलो. ‘केंद्रशाळा’ म्हणजे केंद्रीय विद्यालय का? आणि ‘प्रशाला’? (वाचक, परतूर)

उत्तर : केंद्रशाळा जिल्हा परिषदेचीच. आसपासच्या साधारण दहा शाळांचा गट तिच्याशी जोडलेला असतो आणि त्यावर केंद्रप्रमुख असतात. केंद्रीय विद्यालय केंद्र सरकारचं, मुख्यतः बदलीच्या नोकरीतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाला ‘प्रशाला’ म्हणतात, तर कोल्हापूरकडे ‘विद्या मंदिर’ म्हणजे बहुधा जि.प.ची प्राथमिक शाळा.

प्रश्न : ‘सीबीएसई पॅटर्न’ असं शाळेच्या बसवर लिहिलंय. चालेल ना? (पालक, चाकण)

उत्तर : ‘पॅटर्न’ शब्द दिसला की थांबा. पुस्तकं सीबीएसईसारखी वापरणं वेगळं, मंडळाशी संलग्न असणं वेगळं. संलग्न शाळेकडे संलग्नता क्रमांक असतो, तो मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून शाळेचं नाव आणि पत्ता जुळतो का पाहा. एकाच संस्थेची दुसरी शाखा संलग्न असते आणि क्रमांक तिचाच छापलेला असतो, असंही घडतं, म्हणून पत्ता जुळवणं महत्त्वाचं. आठवीपर्यंत काही अडत नाही. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, आणि तेव्हा मुलांना दुसऱ्या शाळेच्या नावावर दाखवलं जातं किंवा राज्य मंडळात वळवलं जातं. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांकही (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) मागा, पण त्याचे पहिले दोन अंक २७ असले म्हणजे फक्त शाळा महाराष्ट्रात आहे एवढंच कळतं. मंडळ आणि व्यवस्थापन त्या क्रमांकावरून निघणाऱ्या नोंदीत वाचावं लागतं.